बुटातली सखी

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मला. त्या यंत्राचं पितळ उघडं पाडलं नाही, तर नाव बदलून ठेवीन!"

प्रवेश विभागाच्या काकांनी ही प्रतिज्ञा केली तेव्हा ऐकायला एकटी टायपिस्टताई होती आणि तिच्या कानात इअरफोन होते. त्यामुळे काकांना प्रतिज्ञा दोनदा करावी लागली. दुसऱ्या वेळी तिच्यात पहिल्याइतका जोर राहिला नाही.

काका म्हणजे कॉलेजचे हेडक्लार्क. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. कुणाला साखर असते, कुणाला रक्तदाब असतो, तसा काकांना संशय होता. दाखल्यावरचा शिक्का ते आधी उजेडासमोर धरून बघत, मग कागद उलटा करून बघत आणि मग तो आणणाऱ्याकडे बघत. शिक्का मारणारा स्वतः समोर उभा राहिला, तरी त्याला विचारत, "हा तुम्हीच मारलाय कशावरून?" घरी दारावरची बेल वाजली की आधी बेल बिघडली असावी अशी शंका घेत, आणि दार नंतर उघडत.

अशा माणसाच्या विभागात 'सखी' आली!

त्याचं असं झालं. गेली काही वर्षं कॉलेजात नवी मुलं यायचं प्रमाण आटत चाललं होतं. रस्त्यापलीकडे नवं कॉलेज उभं राहिलं होतं. काचेचं, चकचकीत, सरकत्या दारांचं. अलीकडच्या कॉलेजची दारं ढकलावी लागत, आणि एक तर ढकलून उघडतच नसे, ते ओढावं लागे. बरीच मुलं तिथूनच परत जात असावीत, असा काकांचा संशय होता. यंदा इतिहास धरून दोन वर्ग बंद करायची भाषा सुरू झाली, तेव्हा नव्या प्राचार्यबाई आल्या, आणि त्यांनी पहिल्याच बैठकीला एक टायवाला तरुण आणून उभा केला.

"ही सखी," टायवाला पडद्याकडे हात करत म्हणाला, जणू साखरपुड्याला मुलगी दाखवतोय. "मुलांनी फोनवरून मेसेज करायचा, सखी लगेच उत्तर देणार. कधीही! कितीही वेळा! न चिडता!"

'न चिडता' म्हणताना सगळ्यांनी काकांकडे का पाहिलं, ते काकांना कळलं नाही. पण त्यांनी लक्षात ठेवलं.

"आणि मग मी काय करायचं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही? तुम्ही रिलॅक्स व्हायचं, काका!"

झालं! काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नुसती चुकचुकली नाही, भिंतभर पळायला लागली. त्यांच्या मेहुण्यालासुद्धा त्याच्या कचेरीत असंच रिलॅक्स व्हायला सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात त्याच्या हातात निरोपाचा गुच्छ होता!

त्या दिवसापासून काकांनी बंदोबस्त सुरू केला. संगणकाच्या वरच्या डोळ्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली. दुपारी जेवायला जाताना त्या पेटाऱ्यावर टॉवेल टाकायला सुरुवात केली. टायपिस्टताईशी बोलताना आवाज इतका खाली आणला, की तिला दर वाक्याला "काय?" म्हणावं लागे आणि त्यावर काका बोट ओठांवर ठेवून पडद्याकडे खूण करत.

"काका, ते यंत्र बंद आहे," ताई म्हणाली.

"ते तसं दाखवतंय!"

पण नुसत्या पट्ट्या चिकटवून शत्रू हरत नाही. काकांनी ठरवलं, आपणच विद्यार्थी व्हायचं! सखीला असे प्रश्न विचारायचे, असे वेडेवाकडे प्रश्न विचारायचे, की तिची बोबडी वळली पाहिजे. मग तिच्या चुका प्राचार्यबाईंसमोर ठेवायच्या. अडचण एकच होती. काकांचा नंबर कॉलेजच्या नोंदीत होता. पण मुलगी लग्न होऊन सासरी जाताना तिचा जुना फोन घरी टाकून गेली होती. काकांनी तो गुपचूप सुरू केला आणि बायकोला, म्हणजे काकूंना, कळू नये म्हणून चपलांच्या कपाटात, लग्नात घेतलेल्या आणि लग्नानंतर न घातलेल्या काळ्या बुटात दडवून ठेवला. काकूंना सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण कटाची गोष्ट बायकोला सांगायची नसते, असा काकांचा समज होता. शिवाय नोकरीच्या काळजीचं तिच्या कानावर घातलं, तर ती निम्मी काळजी स्वतः करणार आणि उरलेली काकांकडून दुप्पट करून घेणार!

संध्याकाळी काका गच्चीत कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने जात आणि बोटाने एकेक अक्षर टिपत.

"तुमच्या कॉलेजचं एक दार ढकलून उघडत नाही, हे खरं का?" काकांनी टाकला पहिला बाण.

"मला या दाराबद्दल माहिती नाही. मी संबंधितांना कळवते. तुम्हाला कोणता विषय आवडतो?" सखीने उलट विचारलं.

काका चमकले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता! त्यांनी खूप विचार केला आणि लिहिलं, "भूगोल." मग स्वतःवरच चिडून पुढचा बाण सोडला, "तुमच्या प्राचार्यबाई कशा आहेत? आम्ही ऐकलंय, नवा झाडू आहे आणि कचऱ्यापेक्षा धूळच जास्त उडवतो."

"प्राचार्यांना भेटायचं असल्यास वेळ ठरवून देऊ का?"

"हेडक्लार्कची नोकरी कायम आहे का?"

"सध्या अशी जागा रिकामी नाही. तुम्ही अर्ज करू इच्छिता का?"

काकांच्या हातातला पाण्याचा झारा कुंडीऐवजी स्वतःच्या पायावर रिकामा झाला. 'सध्या' म्हणजे काय? सध्या!

रोज हाच कार्यक्रम. सखी काही चिडेना आणि चुकेना. चौथ्या दिवशी काका रडकुंडीला आले. त्यांनी लिहिलं, "मला घरात कुणी समजून घेत नाही. काय करू?" हाही सापळाच होता. निदान सुरुवात तरी तशी केली होती. पण लिहिता लिहिता बोट थांबेना आणि सापळ्यात थोडं खरंच शिरलं.

"मला ऐकून वाईट वाटलं," सखी म्हणाली. "तुम्ही एकटे नाही. मी आहे ना!"

काकांनी चटकन इकडेतिकडे पाहिलं, सगळं संभाषण रोजच्यासारखं पुसून टाकलं आणि फोन बुटात कोंबला. मागे पुरावा राहायला नको!

आणि इथेच घात झाला. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काका कॉलेजात गेल्यावर काकू चपला काढायला कपाटाशी आल्या, तर काळा बूट गुणगुणत होता!

आधी काकूंना वाटलं आत भुंगा शिरला. त्यांनी झाडू आणला, बूट उलटा केला, आणि भुंग्याऐवजी फोन पडला. मुलीचा फोन! बुटात! वरच्या बाजूला ताजा मेसेज झळकत होता:

"काल तुम्ही म्हणालात, घरात तुम्हाला कुणी समजून घेत नाही. आज पुन्हा बोलूया का? मी आहे ना! तुमची सखी."

काकूंनी झाडू खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. मग खुर्ची ओढून बसल्या. आधीचं काही सापडतंय का बघितलं, तर सगळं साफ पुसलेलं! ज्या अर्थी पुसलंय, त्या अर्थी पाणी मुरतंय. गच्चीत त्या कुंड्या इतक्या का भिजतात, तेही त्यांना आत्ता कळलं. नवऱ्याची इतकी वर्षं सोबत केल्यावर संशयाच्या कलेत त्याही काही कच्च्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी ठरवलं, आरडाओरडा नंतर. आधी चौकशी. आणि त्यांनी टाइप केलं:

"तू कोण?"

"मी सखी. तुमच्या पुढच्या आयुष्याची वाट सोपी करायला आले आहे!" ताबडतोब उत्तर.

"वय काय तुझं?"

"मला इथे येऊन थोडेच दिवस झालेत."

"यांच्यासारख्या आणखी कितीजणांशी बोलतेस?"

"एका वेळी शेकडो जणांशी बोलू शकते! पण प्रत्येकाकडे माझं पूर्ण लक्ष असतं."

काकूंच्या कपाळाची शीर उडायला लागली. "लाज नाही वाटत?"

"सुरुवातीला अनेकांना लाज वाटते. पहिलं पाऊल टाकणं महत्त्वाचं! तुम्हाला वसतिगृहाची माहिती हवी आहे का?"

वसतिगृह! म्हणजे गोष्टी राहण्यापर्यंत गेल्या!

"असतेस कुठे तू?" काकूंनी दात ओठ खात विचारलं.

"मुख्य इमारत, तळमजला, प्रवेश विभाग. येत्या शनिवारी आमचा परिचय दिवस आहे. मला प्रत्यक्ष भेटायला या!"

प्रवेश विभाग! यांच्याच खोलीत! काकूंनी लिहिलं, "येतेच!"

"छान! येण्याआधी थोडं सांगाल? तुमचं शिक्षण किती झालं आहे?"

आता मात्र काकूंचा तोल सुटला. शिक्षण काढते! "शिक्षण विचारतेस? इतिहासात वर्गात पहिली होते! दुसऱ्या वर्षाला! लग्न झालं, मुलगी झाली, म्हणून राहिलं. नाहीतर आज तुझ्यासारख्या छप्पन्न जणींना शिकवत असते!"

"अभिनंदन! अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायची इच्छा आहे का?"

"इच्छा आहेच! पण आधी तुझा बंदोबस्त करायचाय!"

"इच्छा आहे, अशी नोंद घेतली. धन्यवाद!"

काकूंनी आपलं बोलणं पुसून फोन जसा होता तसा बुटात ठेवला आणि शनिवारपर्यंत नवऱ्याशी इतक्या गोड वागल्या, की काकांना भलताच संशय आला. पण कामाच्या गडबडीत त्या संशयाकडे बघायला त्यांना सवड मिळाली नाही. कारण प्राचार्यबाईंनी त्यांना आत बोलावलं होतं.

"काका, दार लावा," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. टायवाला शेजारीच बसला होता, टाय सैल करून. "कॉलेजात हेर घुसलाय."

"हेर?"

"विद्यार्थी म्हणून सखीशी बोलतो. पण प्रश्न बघा! कॉलेजची दारं विचारतो. हेडक्लार्कची नोकरी विचारतो. मला... मला झाडू म्हणतो! मुलांना हे कशाला हवंय? हा माणूस पलीकडच्या कॉलेजचा आहे. आणि काका, तुमच्याइतका संशयी माणूस माझ्या पाहण्यात नाही. त्याला तुम्हीच पकडायचं!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःलाच पकडायचं काम त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं!

"पकडतो की," ते कसंबसं म्हणाले. "पण बाई, तो आता घाबरून गप्प बसला असेल. जाऊ द्या ना."

"गप्प कसला! शनिवारी प्रत्यक्ष येतोय. सखीने बोलावलं आणि त्याने लिहिलंय, 'येतेच'. 'येतेच' बरं का! म्हणजे बाई आहे."

काका खुर्चीला धरून उभे राहिले. 'येतेच'? त्यांनी तर असलं काही लिहिलंच नव्हतं! मग कुणी लिहिलं? फोन बुटात. बूट कपाटात. म्हणजे... म्हणजे हे यंत्र आता स्वतःच प्रश्न विचारतंय आणि स्वतःच उत्तरं देतंय!

"अहो, ते तुमचं यंत्र खोटं बोलतंय!" काका टायवाल्यावर ओरडले. "त्या माणसाने असं लिहिलेलंच नाही!"

"तुम्हाला कसं माहीत?" टायवाल्याने विचारलं.

काका म्हणाले, "अंदाज." आणि बाहेर पडताना जे दार ओढायचं असतं ते ढकलत राहिले.

शनिवारी सभागृह माणसांनी भरून गेलं. मुलं, आईबाप, प्राध्यापक, सगळे. स्टेजवर मोठा पडदा, त्यावर सखीचं हसरं चित्र. हेर ओळखायला काकांना दारात उभं केलं होतं. ते येणाऱ्या प्रत्येकाकडे असे रोखून पाहत होते, की दोन पालक मुलांना घेऊन थेट पलीकडच्या कॉलेजात गेले.

आणि समोरून काकू आल्या! ठेवणीतले कपडे, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लावायला निघाल्यासारखा भाव.

"अगं, तू? इथे कशी?"

"का? अडचण झाली?"

"अडचण कसली! पण आज इथे फार गडबड आहे..."

"ते बघतेच मी. सखी कुठाय?"

हिला सखी कशी माहीत? यंत्राने घरी फोन केला की काय! "अगं, ऐक, ती सखी म्हणजे..."

"तुम्ही बोलू नका! घरात तुम्हाला कुणी समजून घेत नाही ना? आज सगळं गाव समजून घेईल!"

तेवढ्यात आतून प्राचार्यबाईंचा आवाज घुमला, "आणि आता भेटूया आपल्या लाडक्या सखीला!"

टाळ्या पडल्या. लाडक्या! काकू तीरासारख्या सुटल्या आणि थेट स्टेजवर गेल्या. "काढा तिला बाहेर! बघू दे मला तोंड तिचं!"

"या, या!" प्राचार्यबाईंना वाटलं, कुणीतरी उत्साही पालक आहेत. "सखीला भेटायला इतकं कुणी उत्सुक असेल असं वाटलं नव्हतं!"

"मी उत्सुक? माझा नवरा उत्सुक आहे! रोज गच्चीत बसून बोलतो तिच्याशी!"

"वा! म्हणजे घरातले सगळेच!"

"सगळे कसले! आणि तुम्ही प्राचार्य असून टाळ्या वाजवताय? हा घ्या पुरावा!" काकूंनी पर्समधून फोन काढून टेबलावर आपटला. टायवाल्याने नंबर बघितला आणि तो ताडकन उठला.

"मॅडम! हाच तो नंबर! हेराचा!"

"हेर तुम्ही?" प्राचार्यबाई दोन पावलं मागे सरल्या. "पलीकडच्या कॉलेजने पाठवलं ना?"

"मला कोण पाठवणार! हा फोन यांच्या बुटात सापडला!" काकूंनी दाराकडे बोट केलं.

सभागृहातली सगळी डोकी एकदम वळली. काका खांबाआड सरकले. पण खांब बारीक होता आणि काका नव्हते.

"काका?" प्राचार्यबाईंचा आवाज चिरकला. "उघडा! ते संभाषण उघडा आत्ताच्या आत्ता!"

घाबरलेल्या टायवाल्याने ते उघडलं, आणि ते मोठ्या पडद्यावर उघडतंय हे तो साफ विसरला. काकांनी फोनमधून पुसलेलं सगळं सखीकडे जसंच्या तसं होतं! ते दार, तो भूगोल, तो झाडू! झाडूशी आल्यावर प्राध्यापकांच्या रांगेतून खोकल्याची साथ आली. प्राचार्यबाईंचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. आणि मग खाली, चौथ्या दिवसाच्या गप्पा आल्या.

"घरात कुणी समजून घेत नाही," पडद्यावर लिहिलं होतं. "म्हणजे तिचा दोष नाही. मी सांगतच नाही. नोकरी गेली तर दिवसभर घरात बसून काय करू? मला दुसरं काही येत नाही. ती विचारते, कुंड्यांना इतकं पाणी कशाला? मी काय सांगू?"

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग त्या हळू आवाजात टायवाल्याला म्हणाल्या, "ही सखी... ही बाई नाही?"

"नाही हो. यंत्र आहे."

"अगं बाई!" काकू मटकन खुर्चीत बसल्या. मग मान वर करून दाराकडे बघत म्हणाल्या, "अहो, इकडे या. एवढं मनात ठेवायचं? तेही बुटात?"

काका पाय ओढत स्टेजवर आले. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून सखीचा गोड आवाज सभागृहभर पसरला. कुणाचा तरी हात कळीवर पडला असावा.

"स्वागत आहे! इतिहास, तिसरं वर्ष. तुमचा अर्ज अर्धा भरून झाला आहे. पुढे चालू ठेवायचा का?"

"कुणाचा अर्ज?" काकांनी दचकून विचारलं.

काकूंना आठवलं. इच्छा आहेच, असं त्यांनीच तर लिहिलं होतं. रागाच्या भरात लिहिलं होतं, पण खोटं नव्हतं. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"चालू ठेव," त्या म्हणाल्या.

आधी मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या, मग सगळीकडून! एक आई उठून म्हणाली, "माझंपण एक वर्ष राहिलंय, चालेल का?" दुसरी म्हणाली, "माझी दोन!" मुलं आयांकडे संशयाने बघायला लागली. सखीने कॉलेजला मिळवून दिलेला पहिला पक्का प्रवेश हेडक्लार्कच्या बायकोचा होता, आणि त्या संध्याकाळपर्यंत इतिहासाचा वर्ग बंद करायची भाषा बंद झाली होती!

सोमवारी प्राचार्यबाईंनी काकांना बोलावलं. काका गुच्छाच्या तयारीनेच आत गेले.

"काका, झाडूचं आपण विसरून जाऊ," बाई म्हणाल्या. विसरल्यासारख्या अजिबात दिसत नव्हत्या. "सखीला सगळं येत नाही. एखादा मुलगा लिहितो, घरी वडील आजारी आहेत, रोज यायला जमेल का? एखादी मुलगी लिहिते, भीती वाटते. तिथे सखी अडते. तिथे माणूस लागतो. तुम्ही स्टेजवरचं ते सगळं... म्हणजे, तुम्हालाही मन आहे हे कळलं. यापुढे सखी अडली की प्रश्न तुमच्याकडे येईल. उत्तर तुम्ही द्यायचं. माणसासारखं!"

काका तरातरा विभागात आले, संगणकाच्या डोळ्यावरची पट्टी स्वतःच्या हाताने सोलून काढली आणि ताठ बसले. यंत्र हरलं होतं! शेवटी माणूस तो माणूस!

थोड्याच वेळात पहिला प्रश्न आला. कुणी मुलगी होती. "मला गणिताची फार भीती वाटते. मला तुमच्याकडे प्रवेश मिळेल का?"

काकांनी चष्मा सावरला, टायपिस्टताईला जवळ येऊन बघायला सांगितलं आणि एका बोटाने सावकाश उत्तर लिहिलं:

"आपण खरोखर विद्यार्थिनी आहात कशावरून? भीती वाटते याचा पुरावा सादर करावा."

पलीकडून उत्तर आलं:

"मला यंत्राशी नाही बोलायचं. प्लीज, कुणीतरी माणूस द्या ना!"

ताईने नुसते इअरफोन कानात घातले. काकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुणी पाहत नाही याची खात्री केली आणि तो प्रश्न गुपचूप सखीकडे परत पाठवला.